बॅग भरण्याआधी एवढं विचाराच!

परदेशवारी म्हटलं की पूर्वी डोळ्यांसमोर यायची ती मुंबई-पुण्याची मंडळी. आता तसं राहिलेलं नाही. इचलकरंजीचा सूतव्यापारी ढाक्याला जातो, कोल्हापूरच्या फौंड्रीतला इंजिनिअर जर्मनीला नाहीतर तुर्कस्तानला जाऊन येतो, सांगलीचा हळद-बेदाण्याचा व्यापारी दुबईत पार्टीला भेटून चौथ्या दिवशी घरी हजर! आणि आता फक्त पुरुषच जातात असंही नाही. कुणाची लेक कंपनीच्या कामाला जपानला चाललेली असते, तर कुणी वहिनी स्वतःच्या मसाल्यांचा स्टॉल लावायला परदेशातल्या प्रदर्शनात.

मग घरात काय गडबड उडते, ते तुम्हाला मी सांगायला नको. मेतकूट बांधलं का, चिवडा झाला का, बीपीच्या गोळ्या घेतल्या का, स्वेटर वर ठेवला का... बॅगेचं वजन तीनतीनदा करून होतं. पण एक प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही, तो म्हणजे, ‘जिथं चाललात तिथं धोका काय आहे?’ आणि समजा विचारलाच, तर लगेच सासूबाई तरी म्हणतात किंवा ‘हे’ तरी म्हणतात, ‘जाताना नाट लावू नकोस गं!’

मैत्रिणींनो, हा नाट नव्हे. हा संसाराचा हिशेब आहे. आणि तो करायचा हक्क घरातल्या बाईला पुरेपूर आहे, कारण काही वेडंवाकडं घडलं तर सगळ्यात आधी धावाधाव तिलाच करावी लागते.

मालत्याची पहाट

६ फेब्रुवारी २०२३. तुर्कस्तानच्या आग्नेय भागात पहाटे सव्वाचारच्या सुमाराला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. लोक साखरझोपेत होते. दुपारी ७.५ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. तुर्कस्तान आणि सीरिया मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसं गेली. आपल्या देशानं ‘ऑपरेशन दोस्त’ नावानं मदतपथकं पाठवली, ते आपण टीव्हीवर पाहिलं. पण त्याच दिवसांत एक छोटी बातमीही आली होती. कामानिमित्त मालत्या शहरात गेलेला एक भारतीय माणूस बेपत्ता होता. काही दिवसांनी तो ज्या हॉटेलात उतरला होता त्याच्या ढिगाऱ्यात त्याचा मृतदेह सापडल्याचं आपल्या दूतावासानं जाहीर केलं.

कुणाच्या तरी घरून ‘नीट पोचल्याचा फोन कर’ असं सांगून निघालेला माणूस! यात त्याचा काय दोष? काही नाही. भूकंप कधी होणार, हे जगातला कुठलाच शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. पण तो कुठे होऊ शकतो, हे मात्र बऱ्यापैकी माहीत असतं. मालत्या ज्या पट्ट्यात आहे तिथून पूर्व अनातोलियन भ्रंश नावाची मोठी भेग जाते. तीनच वर्षांपूर्वी, जानेवारी २०२० मध्ये, शेजारच्या एलाझीला ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता. त्यात मालत्या भागातही बळी गेले होते. म्हणजे धोका नकाशावर होता, बातम्यांत होता. तो नव्हता फक्त प्रवासाच्या कागदांत.

त्याच भूकंपात जवळच्या अदियामान शहरातलं एक हॉटेल कोसळून ७२ जण गेले. त्यात व्हॉलीबॉल खेळायला आलेली उत्तर सायप्रसची शाळकरी मुलं होती. बांधकामातला हलगर्जीपणा कोर्टात उघडा पडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये हॉटेलमालकाला शिक्षा झाली. आपल्याकडे किल्लारीनं १९९३ साली हेच शिकवलं होतं, की माणसं धरणीकंपानं मरतात त्यापेक्षा जास्त अंगावर पडलेल्या भिंतींनी मरतात.

धोका वेगळा, जोखीम वेगळी

हे शब्द जड वाटतील, पण ही गोष्ट आपण रोज जगतो. नदीला पूर येणं हा धोका. पण आपलं घर नदीकाठी आहे की टेकडीवर, यावर आपली जोखीम ठरते. आणि पाणी यायच्या आत माळ्यावर धान्य चढवलं की नाही, यावर नुकसान ठरतं. कोल्हापूरच्या बायकांना कुणी ‘रिस्क असेसमेंट’ शिकवलेलं नाही. पण राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे त्यांना पाठ असतं. पाणी ३७ फुटांवर आलं की त्या गाद्या वर टाकायला लागतात. ४३ फुटांची वाट बघत बसत नाहीत!

परदेश प्रवासाचंही अगदी तसंच करायचं. धोका कोणता, आपला माणूस त्याच्या किती जवळ जाणार आणि तयारी किती, एवढ्या तीन गोष्टी एका कागदावर लिहायच्या. त्यासाठी चार साधे प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न : नेमकं कुठे?

‘जपानला’ हे उत्तर नव्हे. शहर कोणतं, भाग कोणता, समुद्र किती लांब, हे विचारा. देश एकच असला तरी धोका जागोजागी बदलतो. आता बघा, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि त्या त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळांवर वेळोवेळी सूचना येतात, त्या आधी वाचाव्यात. सोबत इतर देश आपापल्या नागरिकांना काय सांगतात तेही पाहावं. अमेरिकेचं परराष्ट्र खातं प्रत्येक देशाला एक ते चार असे स्तर देतं. एक म्हणजे नेहमीची काळजी घ्या, दोन म्हणजे जास्त सावध राहा, तीन म्हणजे जाण्याचा फेरविचार करा आणि चार म्हणजे जाऊच नका. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचीही अशीच पानं आहेत. प्रत्येक देश आपल्या राजकारणाच्या चष्म्यातून बघतो, म्हणून एकावर विसंबू नये, दोन-तीन ताडून बघावेत. नुसता आकडा न बघता कुठला प्रांत टाळायला सांगितलाय ते वाचावं. इंग्रजी अडत असेल तर कॉलेजातल्या पोराला समोर बसवा आणि मोठ्यानं वाचायला लावा. त्यालाही भूगोल कळेल!

दुसरा प्रश्न : कधी?

आपल्याकडे श्रावणात बांधकाम काढत नाहीत, तसंच आहे हे. प्रत्येक प्रदेशाचा एक वाईट हंगाम असतो. जपान, तैवान, फिलिपिन्सकडची वादळं, ज्यांना टायफून म्हणतात, ती मुख्यतः जुलै ते ऑक्टोबरमध्ये जोर धरतात. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि कॅरिबियन बेटांकडे १ जून ते ३० नोव्हेंबर हा हरिकेनचा हंगाम. बंगालच्या उपसागरात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशी दोनदा चक्रीवादळं येतात. मीटिंग दोन महिने पुढे-मागे होऊ शकत असेल तर नुसती तारीख बदलूनही अर्धी जोखीम टळते, आणि त्याला खर्च शून्य.

पण ‘कधी’ म्हणजे फक्त ऋतू नव्हे. त्या देशात निवडणूक आहे का, एखादा मोठा कोर्टाचा निकाल येणार आहे का, बंद-मोर्चे चाललेत का, हेही बघायचं. ढाक्याचं उदाहरण घ्या. २०२४ च्या जून महिन्यात तिथल्या नोकऱ्यांतल्या आरक्षणावर हायकोर्टाचा निकाल आला, जुलैच्या पहिल्या दिवसापासून विद्यार्थी रस्त्यावर आले. १८ जुलैला इंटरनेट बंद झालं आणि पाठोपाठ संचारबंदी लागली. म्हणजे दोन आठवडे आधीपासून पाणी चढत होतं. काठमांडूतही तसंच. ४ सप्टेंबर २०२५ ला तिथल्या सरकारनं समाजमाध्यमांवर बंदी घातली, ८ तारखेला तरुणांचं आंदोलन पेटलं, ९ तारखेला संसद जळाली, हिल्टनसारखं मोठं हॉटेल जळालं आणि विमानतळ बंद झाला. चार दिवस! इतक्या थोड्या वेळात चित्र बदलतं. म्हणून तिकीट काढताना एकदा बघून भागत नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी, आदल्या दिवशी आणि तिथं पोचल्यावर रोज सकाळी, चहाबरोबर, तिथल्या बातम्या बघायच्याच.

तिसरा प्रश्न : उतरणार कुठे?

आपण हॉटेलचं भाडं विचारतो, नाश्ता फुकट आहे का विचारतो. इमारत किती जुनी आहे हे मात्र विचारत नाही. जपानमध्ये जून १९८१ पासून भूकंपरोधक बांधकामाचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या इमारती जुन्यांपेक्षा अधिक भरवशाच्या मानल्या जातात. तेव्हा ‘इमारत १९८१ नंतरची आहे का?’ हा तिथं अगदी रास्त प्रश्न आहे. तुर्कस्तानातही १९९९ च्या मोठ्या भूकंपानंतर नियम कडक झाले. पण नियम कागदावर असणं वेगळं आणि भिंतीत असणं वेगळं, हे २०२३ मध्ये दिसलं. म्हणून अशा ठिकाणी नवी, नावाजलेली इमारत घ्यावी. खाली दुकानांसाठी भिंती काढून मोकळी केलेली इमारत टाळावी.

आग आणि हल्ला यांचा विचार करून सुरक्षेचे जाणकार सहसा तिसऱ्या ते सहाव्या मजल्यावरची खोली घ्यायला सांगतात. खाली असली तर कुणीही सहज शिरू शकतं आणि फार वर असली तर अग्निशामक दलाची शिडी पोचत नाही. खोलीत शिरलं की बॅग टाकायची आणि आधी बाहेर येऊन जिना कुठे आहे ते बघायचं, मधले दरवाजे मोजायचे. धूर झाला की दिसत काही नाही, हातानं दरवाजे मोजतच जावं लागतं. रात्री उशाशी चपला-बूट, टॉर्च आणि पासपोर्ट. भूकंपानंतर जमिनीवर काचा असतात, अनवाणी माणूस दोन पावलंही टाकू शकत नाही. समुद्रकाठी असाल आणि जमीन बराच वेळ हलली, तर भोंग्याची वाट बघायची नाही, लगेच उंचावर जायचं.

आणि भूकंप लांब झाला म्हणून आपण सुटलो असंही नाही. २८ मार्च २०२५ चा ७.७ तीव्रतेचा भूकंप म्यानमारमध्ये झाला, पण सुमारे हजार किलोमीटरवरच्या बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एक उंच सरकारी इमारत कोसळली. मऊ गाळाच्या जमिनीवर उंच इमारती लांबच्या धक्क्यानंही डोलतात.

चौथा प्रश्न : परत येणार कसे?

जायचं तिकीट सगळ्यांकडे असतं. परतीचा दुसरा रस्ता कुणाकडे नसतो! एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधला एक ज्वालामुखी जागा झाला आणि त्याच्या राखेनं युरोपचं आकाश जवळजवळ सहा दिवस बंद पडलं. सुमारे एक लाख विमानं रद्द झाली. त्याच दिवसांत जर्मनीत हॅनोव्हरचं मोठं औद्योगिक प्रदर्शन होतं. कोण कुठे अडकलं असेल, कल्पना करा. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत पाऊस असा कोसळला की संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासून नोंदी ठेवायला लागल्यापासून तसा झाला नव्हता. वाळवंटातल्या विमानतळावर पाणी! जून २०२५ मध्ये कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली गेली, तेव्हा कतारचं आकाश काही तास बंद राहिलं. ज्यांचं विमान नुसतं तिथून बदलायचं होतं, ज्यांचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता, तेही अडकले.

म्हणून विमान कुठे बदलतं तेही बघायचं. जोडीला चार गोष्टी : औषधं मुक्कामापेक्षा किमान आठवडाभराची जास्त आणि ती हातातल्या बॅगेत, थोडे रोख पैसे, कारण वीज गेली की कार्ड चालत नाही, व्हिसाची मुदत अगदी काठावरची नको, आणि प्रवास विमा. विमा घेताना ‘काय मिळतं’ यापेक्षा ‘काय मिळत नाही’ तो भाग आधी वाचा. बहुतेक पॉलिसींत युद्ध वगळलेलं असतं, आणि वादळाची किंवा दंगलीची बातमी आल्यानंतर काढलेल्या विम्यात त्याच कारणाचे पैसे मिळत नाहीत.

घरच्या बाईला काय माहीत असतं?

ढाक्याच्या त्या जुलैमध्ये आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचे यजमान सुताच्या व्यवहारासाठी तिथं होते. व्हॉट्सअॅप बंद, फोन लागेना. टीव्हीवर जळत्या गाड्या. आम्ही चौघी-पाचजणी त्यांच्याकडे बसलो होतो. विचारलं, हॉटेल कोणतं? माहीत नाही. पार्टीचं नाव? ‘कुणी रहमानभाई म्हणतात.’ पासपोर्टचा नंबर? कपाटाला कुलूप आणि किल्ली त्यांच्याबरोबर. वहिनी पदवीधर, घरचे सगळे हिशेब त्याच बघणाऱ्या. पण धंद्यातलं बाईमाणसानं विचारू नये, ही त्या घरची रीत. तिसऱ्या दिवशी भाऊजींचा आवाज ऐकू आला तेव्हा वहिनी आधी रडल्या आणि मग इतक्या चिडल्या, की भाऊजींनी फोन दोनदा कानापासून लांब धरला असेल! सुखरूप आले ते. आता त्यांच्या फ्रिजवर प्रत्येक प्रवासाचा एक कागद चिकटवलेला असतो.

हा कागद प्रत्येक घरात असायला हवा. त्यावर काय लिहायचं?

१. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि विमा यांच्या प्रती. मोबाइलमध्येही आणि कागदावरही.

२. हॉटेलचं नाव, पत्ता आणि तिथला जमिनीवरचा फोन नंबर.

३. ज्यांच्याकडे काम आहे त्यांचं पूर्ण नाव आणि नंबर, तसंच कंपनीतल्या किंवा एजंटच्या एका जबाबदार माणसाचा नंबर.

४. त्या शहराला सगळ्यात जवळ असलेल्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा आणीबाणीचा नंबर.

५. त्या देशातला मदतीचा नंबर. जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका-अग्निशामक ११९, तुर्कस्तानात ११२, बांगलादेशात ९९९.

६. रक्तगट, चालू औषधं आणि अॅलर्जी.

७. बोलण्याची ठरलेली वेळ. आणि ती चुकली तर किती तास थांबायचं, मग कुणाला फोन करायचा, हे आधीच ठरलेलं. म्हणजे घरात घबराटही नाही आणि उगाच वाट बघणंही नाही.

परदेशात अडकलेल्या माणसासाठी घरून तक्रार नोंदवता यावी म्हणून परराष्ट्र मंत्रालयानं २०१५ मध्ये ‘मदद’ हे पोर्टल सुरू केलं. त्याचं नाव लक्षात ठेवा. आणि अशा वेळी फॉरवर्ड होत आलेले व्हिडिओ बघत बसू नका. दूतावास काय म्हणतो तेवढंच ऐका. ढाक्यात १८ जुलैलाच आपल्या उच्चायुक्तालयानं भारतीयांना प्रवास टाळा, बाहेर पडणं कमी करा, असं सांगितलं होतं.

कंपनीलाही विचारा

लेक किंवा मुलगा नोकरीच्या कामाला जात असेल तर ही जबाबदारी एकट्या त्याची नाही, पाठवणाऱ्याचीही आहे. कर्मचाऱ्यांना प्रवासाला पाठवताना धोक्यांचा विचार कसा करावा, यासाठी आयएसओ ३१०३० नावाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२१ मध्ये आली आहेत. ती पाळायची कायद्यानं सक्ती नाही, पण लेकीनं साहेबांना चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे? रात्री दोनला उतरले तर न्यायला कोण येणार? हॉटेल कुणी बघून ठरवलंय? काही झालं तर चोवीस तास फोन उचलणारा माणूस कोण? आणि मला तिथं सुरक्षित वाटलं नाही, तर परत यायची मुभा आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ‘नाही म्हटलं तर प्रमोशन जाईल’ या भीतीनं पोरं गप्प बसतात. निदान घरून तरी त्यांना सांगा, की बाळ, तू ये परत, बाकीचं आपण बघू.

मुली-बायकांसाठी आणखी थोडं. पोचण्याची वेळ शक्यतो दिवसाउजेडी ठेवावी. हॉटेलच्या काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्यानं सांगितला गेला तर बिनदिक्कत खोली बदलून मागावी. त्या देशातले कपड्यांचे, औषधांचे, फोटो काढण्याचे कायदे आधी वाचावेत. आपल्याकडे सहज मिळणारी काही औषधं दुसरीकडे बंदी असलेली असतात. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच.

नको तिथे ‘नको’ म्हणता यायला हवं

एवढं सगळं तपासून झाल्यावर उत्तर तीनपैकी एक येतं. जा, तयारी करून जा किंवा आत्ता जाऊ नका. बहुतेक वेळा मधलंच येतं. जगात बिनधोक जागा कुठली? २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या ताज आणि ओबेरॉयमध्ये कामासाठी आलेले परदेशी पाहुणेही अडकले होतेच. त्यांच्या घरीही कुणीतरी फोनकडे डोळे लावून बसलं होतं. म्हणून भीतीनं घरात बसायचं नाही. पण तिसरं उत्तर आलं तर ते मानायचं धाडसही हवं. तारीख पुढे ढकलता येते, व्हिडिओवर बोलता येतं, दोघांनी मिळून तिसऱ्याच शहरात भेटता येतं. ऑर्डर पुन्हा मिळते.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे घरात परदेशाचं तिकीट आलं की चिवड्याचे पोहे भाजायला घेण्याआधी एक वही घ्या आणि समोरच्याला बसवा. कुठे, कधी, उतरणार कुठे, परत कसे? कुणी म्हणालं ‘नाट लावू नकोस’, तर हसून सांगा, की नाट लावत नाहीये, वाट बघायची आहे मला, आणि ती कुठल्या वाटेनं येणाऱ्या माणसाची बघायची, एवढं तरी मला माहीत हवं!